पेशीत प्रथिनं कशी बनतात: पट्टी, मणी घेऊन स्वतः करून बघा

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होते. प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण हे तीन शब्द तेव्हाच पाठ झाले होते आणि त्यावर मार्कही मिळाले होते. अकरावी सायन्सला तेच शब्द ट्रान्स्क्रिप्शन, ट्रान्सलेशन, ट्रान्सलोकेशन होऊन समोर आले. तेव्हा लक्षात आलं, की पाठ होतं पण कळलेलं नव्हतं. ‘डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन’ हे वाक्य म्हणता यायचं. पण नऊ अक्षरं हातात देऊन ‘यातून कुठली अमिनो आम्लं येतील?’ असं कुणी विचारलं असतं तर काढता आली नसती.

आता मी सोलापुरात, पूर्व भागातल्या अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी मुलं त्याच चार-पाच जागी अडकतात. त्या जागा मला माहीत आहेत, कारण मी तिथेच अडकले होते. हा लेख नुसता वाचू नका. समोर कागद घेऊन करत करत पुढे जा. दोन तास पुरतात.

आधी एवढं जमवा

- जाड कागदाच्या किंवा पुठ्ठ्याच्या हातभर लांबीच्या तीन पट्ट्या
- चार रंगांची स्केचपेनं, ए, टी, जी आणि सी या डीएनएच्या चार अक्षरांसाठी. आरएनएमध्ये टीच्या जागी यू असतो; यू हे अक्षर टीच्याच रंगात लिहा, पण त्याभोवती गोल करा
- कोडॉनचा, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या शब्दांचा तक्ता. पुस्तकातला चालेल. तो पाठ करायचा नाही, परीक्षेसाठीसुद्धा नाही. एयूजी आणि थांब्याची तीन कोडॉनं लक्षात ठेवा, बाकी वापरून वापरून बसतात
- दोरा आणि निदान आठ-नऊ रंगांचे मणी. एकेक रंग म्हणजे एकेक अमिनो आम्ल, ओवलेली माळ म्हणजे प्रथिनाची साखळी
- एक कोरं पान. त्यावर डावीकडून उजवीकडे तीन घरं आखा: ई, पी, ए (हा ए घराचं नाव आहे, वरचं अक्षर नव्हे). हाच क्रम ठेवा, उलटा नको

१. ग्राफ, कार्ड आणि माग

आमच्या बोळात जकार्डचे माग होते. शेजारचे काका चादरीची नक्षी आधी ग्राफच्या कागदावर काढायचे, एकेक चौकोन भरत. मग तो ग्राफ बघून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं दोऱ्यानं एकमेकांना बांधून लांबलचक माळ करायची आणि ती मागाच्या डोक्यावर चढवायची. भोक असेल तिथे सुई आत शिरते, हूक उचलला जातो आणि उभा धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. एका कार्डावर धोट्याची एक फेरी. चादरीवर मोर उमटतो, पण मागाला मोर माहीत नसतो. त्याला फक्त समोरचं कार्ड कळतं.

पेशीतही कामाची वाटणी अशीच आहे. डीएनए म्हणजे मूळ ग्राफ. तो केंद्रकात, कपाटात ठेवल्यासारखा सुरक्षित असतो आणि तिथून बाहेर येत नाही. त्यातल्या हव्या त्या भागाची नक्कल म्हणजे एमआरएनए, म्हणजेच कार्डांची माळ. ती केंद्रकाबाहेर पेशीद्रवात येते. तिथला रायबोसोम हा माग. कुठलीही माळ लावा, माग तोच. एकाच रायबोसोममधून आत्ता एक प्रथिन निघेल आणि थोड्या वेळानं दुसरंच.

कार्डं वापरून झिजतात, फाटतात, मग ग्राफवरून नवी पाडतात. एमआरएनएही असाच थोड्या दिवसांचा सोबती. काही मिनिटांत तुटतात, काही तासन्‌तास टिकतात. एखादं प्रथिन किती बनवायचं याचा ताबा पेशी बऱ्याच अंशी इथूनच ठेवते.

ही तुलना एका ठिकाणी संपते, ते आत्ताच सांगते. कार्डावरचं भोक धागा फक्त वर-खाली करतं. एमआरएनएवरची अक्षरं मात्र कुठला माल जोडायचा तेच सांगतात.

२. प्रतिलेखन: कुठला धागा वाचायचा?

सगळ्यात जास्त मुलं इथे चुकतात, म्हणून इथे घाई करू नका. पहिल्या पट्टीवर खालची पहिली ओळ लिहा, दुसरीवर दुसरी. डीएनएचे दोन धागे समोरासमोर असतात, आणि प्रत्येक धाग्याच्या दोन टोकांची नावं ५' आणि ३'; ती लिहायला विसरू नका.

कोडिंग धागा, ५' कडून ३' कडे:
एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी जीएजी एएजी

टेम्प्लेट धागा, ३' कडून ५' कडे:
टीएसी सीएसी जीटीए जीएसी टीजीए जीजीए सीटीसी सीटीसी टीटीसी

ही अक्षरं मनानं घेतलेली नाहीत. तुमच्या-माझ्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकातला संदेश खरोखर असाच सुरू होतो.

आरएनए पॉलिमरेज नावाचं विकर टेम्प्लेट धागा ३' कडून ५' कडे वाचत जातं आणि एमआरएनए ५' कडून ३' कडे बनवत जातं. ए-समोर यू, टी-समोर ए, जी-समोर सी, सी-समोर जी. तिसऱ्या पट्टीवर स्वतः लिहून बघा, मग जुळवा:

एमआरएनए, ५' कडून ३' कडे:
एयूजी जीयूजी सीएयू सीयूजी एसीयू सीसीयू जीएजी जीएजी एएजी

आता तिसरी पट्टी पहिलीवर ठेवा. दोन्ही हुबेहूब सारख्या आहेत, फक्त टीच्या जागी यू आलाय. उत्तर बरोबर आलं का, हे तपासायची याहून सोपी रीत नाही. म्हणूनच प्रश्नात कोडिंग धागा दिला असेल तर जोड्या लावत बसायचंच नाही, टीचे यू केले की काम झालं. बरीच मुलं कोडिंग धाग्याच्याच जोड्या लावतात आणि तिथून पुढचं सगळं उत्तर वाया जातं.

दुसरा सापळा टोकांचा. प्रश्नात टेम्प्लेट धागा कधी कधी ५' डावीकडे ठेवून देतात. तेव्हा तो आधी उलटून लिहा आणि मगच जोड्या लावा. मी बारावीत असताना हाती आलेल्या एका नोट्समध्ये ही टोकंच उलटी छापली होती. दोन महिने मी सगळी गणितं तशीच सोडवली आणि सराव परीक्षेत त्या विषयाचे सगळे मार्क गेले. तेव्हापासून कुठलाही प्रश्न आला की आधी ५' शोधून त्याला गोल करते. तुम्हीही तीच सवय लावून घ्या.

तिसरा सापळा: नक्कल एटीजीपासून सुरू होत नाही. पॉलिमरेज प्रमोटरच्या खुणेवर बसतं आणि एटीजीच्या बऱ्याच आधीपासून लिहू लागतं. एयूजी हा भाषांतरणाचा आरंभ आहे, प्रतिलेखनाचा नाही.

३. काटछाट

आपल्या पेशीत पहिली नक्कल जशीच्या तशी बाहेर जात नाही. तिच्यातले इंट्रॉन, म्हणजे मधले नको असलेले तुकडे, कापून टाकतात आणि उरलेले तुकडे, म्हणजे एक्झॉन, एकमेकांना जोडतात. ५' टोकाला टोपी बसते आणि ३' टोकाला ए-ए-ए अशी लांब शेपटी लागते. बीटा साखळीच्या जनुकात तीन एक्झॉन आणि दोन इंट्रॉन आहेत. जनुकं अशी तुकड्या-तुकड्यांत असतात हे १९७७ मध्ये उघड झालं. तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेनं जोडता येतात, म्हणून माणसाच्या सुमारे २०,००० जनुकांतून त्याहून जास्त प्रकारची प्रथिनं निघतात.

जिवाणूंत केंद्रकच नसतं. तिथे माळ पुरी व्हायच्या आतच माग चालू झालेला असतो.

४. तीन-तीन अक्षरं

अक्षरं चार, अमिनो आम्लं वीस. एकेक अक्षर वाचलं तर चारच शब्द होतात. दोन-दोन वाचली तर सोळा, तेही कमीच. तीन-तीन वाचली तर चौसष्ट, म्हणजे पुरून उरतात. त्यातली ६१ कोडॉनं अमिनो आम्लं सांगतात आणि तीन थांबा सांगतात. एकाच अमिनो आम्लाला बऱ्याचदा दोन, चार, कधी सहा कोडॉनं असतात. पण एका कोडॉनचा अर्थ मात्र एकच.

दोन कोडॉनांमध्ये मोकळी जागा नसते. आपण कागदावर सोडतो ती सोयीसाठी. हे नीट समजायला पुढचं वाक्य घ्या, यातला प्रत्येक शब्द तीन अक्षरी आहे:

सरिता भाकरी भाजते चवीने

आता ‘रि’ खोडा, पण तीन-तीनचा नियम मोडू नका:

सताभा करीभा जतेच वीने

एक अक्षर गेलं आणि पुढचा सगळा अर्थ गेला. आता ‘रि’ परत ठेवा आणि ‘भाकरी’ची तिन्ही अक्षरं खोडा: सरिता भाजते चवीने. एक शब्द कमी झाला, पण बाकीचं शाबूत आहे. १९६१ मध्ये क्रिक, ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंवर असाच प्रयोग केला होता. एक किंवा दोन अक्षरं वाढवली की जनुक निकामी व्हायचं, तीन वाढवली की बऱ्याचदा पुन्हा चालायचं. संदेश तीन-तीन अक्षरांत वाचला जातो, हे त्यावरून पक्कं झालं.

त्याच वर्षी निरेनबर्ग आणि मथाई यांनी फक्त यू-यू-यू असलेला आरएनए घेतला. त्यातून निघालेल्या साखळीत एकच अमिनो आम्ल होतं, फिनाइलअ‍ॅलनिन. कोडॉनच्या तक्त्यातलं पहिलं घर असं भरलं. पुढची कित्येक घरं भरण्यात हरगोविंद खोराना यांचा मोठा वाटा. १९६८ चं नोबेल त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्याबरोबर मिळालं.

५. टीआरएनए: माल आणून देणारा

माग चालत असताना शेजारी बसून कुणीतरी कांड्या भरून देत असतं. भरलेली कांडी नसेल तर धोटा रिकामा फिरतो. टीआरएनएचं काम त्याच जातीचं. एका टोकाला अमिनो आम्ल, दुसऱ्या टोकाला तीन अक्षरांचं अँटिकोडॉन. ते एमआरएनएवरच्या कोडॉनशी जुळलं की माल जागेवर पोचला.

पण कुठल्या टीआरएनएवर कुठलं अमिनो आम्ल चढवायचं, हे कोण ठरवतं? प्रत्येक अमिनो आम्लाचं एक वेगळं विकर असतं, अमिनोअ‍ॅसिल टीआरएनए सिंथेटेज. माझ्या मते खरा दुभाषी हाच. त्यानं चुकीचा माल चढवला तर रायबोसोमला ते कळत नाही, तो फक्त अँटिकोडॉन जुळतं का एवढंच बघतो. पाठ्यपुस्तकांत याला एखादी ओळ मिळते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

इथला सापळा: तक्ता नेहमी कोडॉनचा असतो. त्यात अँटिकोडॉन शोधू नका. प्रश्नात अँटिकोडॉन दिलं असेल तर आधी त्याचं कोडॉन करा, टोकं सांभाळून. कोडॉन ५'-जीएजी-३' असेल तर समोरचं अँटिकोडॉन ३'-सीयूसी-५'.

हा माल येतो कुठून, असं वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतं. ताटातून. आपण खाल्लेलं प्रथिन जसंच्या तसं अंगी लागत नाही. पोटात आणि आतड्यात त्याची अमिनो आम्लं होतात आणि त्यातून पेशी स्वतःची प्रथिनं विणतात. वीसपैकी नऊ अमिनो आम्लं शरीराला बनवता येत नाहीत, ती खावीच लागतात. त्यातलंच एक लायसिन. आपल्या पट्टीवरचं नववं कोडॉन, एएजी, लायसिनचंच आहे. ज्वारीत लायसिन कमी असतं, मग ती मंगळवेढ्याची का असेना. शेंगदाण्यातही फार नसतं. म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांनी पोट भरेल, पण लायसिनची बाजू लंगडी राहील. तूर, हरभरा, मूग यांत ते चांगलं असतं, दुधा-दह्यातही. भाकरीबरोबर आमटी नाहीतर पिठलं आणि वर वाटीभर दही, या आपल्या आज्यांच्या ताटात ती बाजू भरून निघते. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलामुलींनी हे विशेष लक्षात ठेवावं. डबा परवडत नाही म्हणून चटणी-भाकरीवर दिवस काढणारी मुलं मी पाहिली आहेत. निदान मूठभर फुटाणे तरी रोज खा.

६. रायबोसोम: तीन घरांचा खेळ

आता आखलेलं पान घ्या. एमआरएनएची पट्टी घरांच्या खाली सरकवा आणि एकेक पायरी हातानं करा.

पहिलं कोडॉन एयूजी पी या घराखाली आणा. मिथिओनिनचा मणी थेट पी घरात ठेवा. सुरुवातीचा मणी एकटाच असा पी घरात येतो, बाकी सगळे ए घरातून.

दुसरं कोडॉन जीयूजी, म्हणजे व्हॅलिन. त्याचा मणी ए घरात ठेवा.

आता बंध. इथे नीट बघा: नवा मणी जुन्या साखळीवर जाऊन बसत नाही. पी घरातली साखळी सुटते आणि ए घरातल्या नव्या मण्याला जोडली जाते. दोऱ्यात ओवून तसंच करा.

मग पट्टी एका कोडॉननं डावीकडे सरकवा. साखळी असलेला टीआरएनए ए मधून पी मध्ये आला, रिकामा झालेला पी मधून ई मध्ये गेला आणि बाहेर पडला. ए घर पुन्हा मोकळं. यालाच दहावीत आपण स्थानांतरण म्हणालो होतो.

पुढे हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, पुन्हा ग्लुटामिक आम्ल, लायसिन. नवही मणी ओवा. तिसऱ्या-चौथ्या मण्याला मुलांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नंतर आकृती पाठ करावी लागत नाही.

बंध जोडायचं काम रायबोसोममधलं कुठलं प्रथिन करत नाही, ते करतो त्याचा आरएनए. रायबोसोमची बारीक रचना उलगडून दाखवल्याबद्दल २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल वेंकी रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना मिळालं. रामकृष्णन यांचा जन्म चिदंबरमचा, शिक्षण बडोद्याचं.

वेग बघा: आपल्या पेशीत सेकंदाला साधारण पाच-सहा अमिनो आम्लं जोडली जातात, जिवाणूंत वीसच्या आसपास. म्हणजे १४६ मण्यांची बीटा साखळी अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर तयार. शिवाय एकाच माळेवर एकामागे एक बरेच रायबोसोम चालू असतात.

जिवाणूंचा रायबोसोम ७०एस, आपला ८०एस. ३०एस आणि ५०एस हे त्याचे दोन भाग मिळून ७०एस कसं, असं विचारू नका. एस हे वजन नाही, फिरवल्यावर तळाशी बसण्याच्या वेगाचं माप आहे, त्याची बेरीज होत नाही. या दोन रायबोसोमांतल्या फरकाचा मोठा उपयोग मात्र आहे. टेट्रासायक्लिन हे औषध जिवाणूंच्या रायबोसोमचं ए घर अडवतं. अ‍ॅझिथ्रोमायसिन साखळी बाहेर पडायच्या बोगद्यात जाऊन बसतं. त्यांचा माग थांबतो, आपला चालू राहतो.

७. थांबा आणि घडी

यूएए, यूएजी, यूजीए. यातलं कुठलंही ए घरात आलं की त्याला जुळणारा टीआरएनए नसतो. रिलीज फॅक्टर नावाचं प्रथिन येतं आणि साखळी सुटते. थांब्याचं कोडॉन मण्यांत मोजू नका.

मोजणीचा आणखी एक घोळ इथेच निस्तरून घ्या. बीटा साखळीच्या संदेशात कोडॉनं १४८ आहेत, पण तयार साखळीत अमिनो आम्लं १४६. एक गेलं थांब्याला. दुसरं म्हणजे सुरुवातीचं मिथिओनिन, ते नंतर कापून टाकतात. म्हणून आपल्या पट्टीवरचं सातवं कोडॉन हे साखळीतलं सहावं अमिनो आम्ल. पुस्तकात सिकलसेलबद्दल (ते पुढे येतंय) ‘सहावं’ वाचून पट्टीवर सहावं शोधाल तर तिथे प्रोलिन सापडेल.

दोऱ्यात ओवलेले मणी म्हणजे अजून प्रथिन नव्हे. साखळीची घडी बसावी लागते. हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या एकत्र येतात, प्रत्येकीत लोह धरणारा हीम बसतो, तेव्हा कुठे ते प्राणवायू वाहतं. इन्सुलिन ११० अमिनो आम्लांचं बनतं आणि कापत कापत ५१ चं उरतं.

८. चूक कुठे झाली ते ओळखा

मागावर धागा तुटला तर एका चादरीत दोष येतो. कार्डाला भोक चुकीचं पडलं तर त्या माळेवरच्या सगळ्या चादरींत येतो. आणि ग्राफच चुकला असेल तर नवी कार्डं पाडूनही उपयोग नाही. रायबोसोमची चूक, एमआरएनएची चूक आणि डीएनएमधला बदल यांत हाच फरक आहे.

आता पट्टीवर करा. टेम्प्लेटवरच्या पहिल्या सीटीसीचं सीएसी करा. एमआरएनएवर सातवं कोडॉन जीएजीचं जीयूजी होईल. तक्ता बघा: ग्लुटामिक आम्ल गेलं, व्हॅलिन आलं. १४६ पैकी एक मणी बदलला. आई-वडील दोघांकडून हाच बदल आला तर रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात. हा सिकलसेल आजार, विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात बराच आढळणारा.

त्याच कोडॉनचं शेवटचं अक्षर बदलून जीएए करून बघा. तक्त्यात पुन्हा ग्लुटामिक आम्लच येईल. अक्षर बदललं, साखळीला पत्ताही नाही.

शेवटचा सराव. एमआरएनएच्या मूळ पट्टीवरच्या दुसऱ्या कोडॉनचं पहिलं अक्षर, जी, कात्रीनं कापून काढा, पट्टी चिकटवा आणि पुन्हा तीन-तीन पाडा:

एयूजी यूजीसी एयूसी यूजीए

मिथिओनिन, सिस्टीन, आयसोल्युसिन. चौथं कोडॉन ए घराखाली सरकवा आणि डब्यात मणी शोधा. यूजीएचा मणी सापडणार नाही. बीटा थॅलेसेमियाच्या काही कुटुंबांत असंच एखादं-दुसरं अक्षर गळालेलं किंवा वाढलेलं असतं. संदेशाची उरलेली सगळी अक्षरं पट्टीवर तशीच असतात, आणि दोऱ्यात मणी तीनच.